समरच्या झाडाखालचा पत्ता

ओमानच्या मध्यावरच्या हैमा गावातल्या एका कार्यालयात पाण्याच्या टाकीसाठी अर्ज भरून घेतला जात होता आणि पत्त्याच्या रकान्यापाशी सगळे काम अडले होते. अर्जदार हरासीस जमातीतला, साठीच्या पुढचा माणूस. डोक्याचा मस्सर उन्हाने विटलेला, हातात पिकअपच्या किल्ल्या. टाकीबरोबर जाणाऱ्या पंपाचा माणूस म्हणून मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. कारकुनाने विचारले, राहता कुठे? त्यावर या गृहस्थाने जराही घाई न करता सांगितले की खडीचा रस्ता सोडून दक्षिणेला गेले की एक सखल जागा लागते, तिथे समरची तीन झाडे आहेत, त्यांतल्या मधल्या झाडाखाली त्याचे बिऱ्हाड आहे; मात्र पाऊस पूर्वेकडे पडला तर तिथे शोधू नये, मग ते गाफच्या झाडांपाशी असते. कारकुनाने पेन खाली ठेवले, एकदा संगणकाच्या पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि रकान्यात ‘हैमा’ एवढेच लिहून कागद सहीसाठी पुढे सरकवला. कुणाचा आवाज चढला नाही. कारकुनाचीही काही चूक नव्हती. त्या रकान्यात झाड बसत नव्हते. तरी परतीच्या वाटेवर ती गोष्ट मनातून जाईना. इतका नेमका पत्ता मी तरी कुणाकडून ऐकला नव्हता, आणि नोंद मात्र अशा गावाची झाली होती जिथे तो माणूस राहत नाही.

मस्कतच्या मराठी मंडळींना हैमा चांगले ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खरीफमधला, म्हणजे तिथल्या पावसाळ्यातला, दक्षिणेकडचा हिरवा सलाला पाहायला मोटारीने निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने तिथे पेट्रोल भरलेले असते, मलयाळी माणसाच्या हातचा कडक चहा घेतलेला असतो आणि पोळी-भाजीचे डबे उघडलेले असतात. अदम गाव सोडल्यानंतरचा प्रवास कसा झाला, असे विचारले की बहुतेक जण सांगतात की वाटेत काही नाही, मुले झोपली होती. मीही कितीतरी वर्षे हेच सांगत आलो. रस्ता सरळ, क्षितिज सरळ, तेलाच्या टँकरांची रांग आणि मोटारीच्या काचेवर बारीक धूळ. डोळ्यांना अडायला काही सापडत नाही, त्यामुळे ते झोपतात, मग मुले काय आणि मोठे काय.

त्या ‘काही नाही’चे नाव जिद्दत अल-हरासीस. सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्याकडचे पुणे, सोलापूर आणि सातारा हे तिन्ही जिल्हे सामावतील एवढे चुनखडीचे सपाट मैदान. पश्चिमेला रुब अल-खालीची वाळू आणि पूर्वेला हुक्फचा तुटलेला कडा, त्यापलीकडे समुद्र. पाऊस वर्षाला सरासरी ५० मिलिमीटरच्या आतच, तोही एका ठिकाणी पडला तर दुसरीकडे दोन-चार वर्षे फिरकणार नाही. आपल्या कोकणात जूनमधल्या एका दुपारी याहून जास्त पडतो. त्या मैदानावर काही हजारांची ही जमात उंट आणि शेळ्या घेऊन राहत आली. नकाशावर मैदानाला नावही तिचेच आहे, आणि तरी त्या मैदानावरचा पत्ता लिहायची सोय मात्र कुठे नाही.

पंप बसवायला मी गेलो तेव्हा पत्ता बरोबर निघाला. तीन समर होते आणि मधल्याखाली घर होते. अरबी भटका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बकरीच्या केसांचा काळा तंबू येतो; उत्तरेकडच्या वाळवंटांत तो असतो, हरासीसांची रीत मात्र झाडाखाली राहण्याची. समर म्हणजे बाभळीच्या कुळातले, वरून सपाट छाटल्यासारखे दिसणारे काटेरी झाड. त्याच्या सावलीत एका बाजूला गोधड्या आणि गाद्यांची चळत होती, दुसऱ्या बाजूला खजुराचे डबे आणि तांदळाची पोती होती. ताडपत्री आणि लोखंडी जाळीचे पत्रे उभे करून वाऱ्याकडची बाजू अडवलेली होती. एका फांदीवर कापडात बांधलेले गाठोडे बरेच उंच टांगलेले दिसले. ते कुणाचे, असे विचारले तेव्हा कळले की या घरचे नव्हेच. मागच्या हंगामात इथे उतरलेल्या कुटुंबाने ठेवले आहे, येतील तेव्हा नेतील. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. झाडाची हिरवी फांदी तोडायची नाही, चुलीला वाळून पडलेलेच सरपण घ्यायचे, हे मला कुणी सांगितले नाही. झाडाचा घेर आणि चुलीतली राख पाहून ते समजत होते.

पूर्वेकडचे गाफ म्हणून त्याने जे सांगितले होते, ते झाड तर आपल्या ओळखीचे निघाले. गाफ म्हणजे शमी. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती, राजस्थानात खेजडी म्हणतात ती, हरासीसांच्या मैदानावर उंटांना पाला देते आणि माणसांना सावली. शस्त्रे लपवायला विराटनगरीबाहेरची शमी का निवडली असेल, हे लहानपणी मला कधी कळले नव्हते. फांदीवरच्या त्या गाठोड्याकडे पाहताना वाटले की झाडावर ठेव सुरक्षित राहते, एवढा भरवसा ज्या मुलखात असेल, तिथल्या माणसाला ही कल्पना सहज सुचावी.

मोटार थांबताच घरातली बाई पुढे आली. पुरुषमाणूस अजून उंटांकडून परतायचा होता, पण त्यामुळे पाहुण्याचा खोळंबा झाला नाही. हरासीसांमध्ये घरधनी नसला तरी बायका पाहुण्याला बसवून घेतात, कॉफी देतात आणि वाटेची खबर विचारतात. कपाळ आणि नाक झाकणारा काळा मुखवटा तिच्या चेहऱ्यावर होता, डोळे मात्र थेट पाहणारे. पाऊस कुठे दिसला का, कुणाच्या गाड्या कुठल्या दिशेला गेल्या, वाटेत उंट दिसले ते कुणाचे होते, असे तिने एकामागून एक विचारले. मी साडेपाचशे किलोमीटर गाडी चालवून आलो होतो आणि माझ्याकडे सांगण्यासारखे फार काही नव्हते. तिने आणखी एक पेला कॉफी ओतली आणि प्रश्न विचारणे थांबवले. वेलदोड्याचा उग्र वास, तळाशी साचलेला कडू गाळ आणि मध्येच नाकात शिरणारा शेळ्यांचा कुबट वास, यांचे मिश्रण त्या दुपारी तोंडावर बराच वेळ राहिले.

संध्याकाळी उंटिणीचे दूध काढताना पाहिले. आधी पिल्लाला आईपाशी सोडतात. त्याने दोन-चार ढुसण्या दिल्या आणि पान्हा सुटला की त्याला बाजूला करतात. एरवी पिल्लाने सगळे पिऊन टाकू नये म्हणून कासेला जाळीची पिशवी बांधलेली असते, ती सोडतात. मग दूध काढणारा माणूस एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून त्या मांडीवर भांडे तोलतो आणि दोन्ही हातांनी धारा काढतो. साठीच्या पुढचा तो गृहस्थ तसा उभा राहिला आणि भांड्यावर फेस चढेपर्यंत जागचा हलला नाही. उंटीण मान वळवून त्याचे डोके हुंगत होती आणि तो तिच्याशी अरबी नसलेल्या भाषेत काहीतरी बोलत होता. ती हरसूसी. अरबीहून वेगळी, दक्षिण अरबस्तानातल्या जुन्या भाषांच्या घराण्यातली. फक्त अरबी येणाऱ्याला ती समजत नाही. दूध न तापवता तसेच प्यायचे असते. कोमट, किंचित खारट, आणि फेसामुळे ओठांवर मिशी उमटवणारे. पहिला घोट मी भिडेखातर घेतला, नंतरचे मात्र आवडले म्हणून.

पाण्याचा धंदा असल्यामुळे मला एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. जिद्दतवर नदी नाही, झरा नाही, जुनी विहीर नाही. तेलाचा शोध घेणाऱ्या लोकांनी १९५८ मध्ये हैमाला आणि तिथून समुद्राच्या दिशेने असलेल्या अल-अजाइझला विहिरी खोदल्या, तोपर्यंत त्या साऱ्या पसाऱ्यावर माणसाने काढलेले पाणी नव्हते. मग त्याआधी काय प्यायचे? घरातल्या सर्वांत वयस्क बाईला, म्हणजे त्या गृहस्थाच्या आईला, मी हे विचारले. तिचे अरबी माझ्याइतकेच मोडके होते, त्यामुळे आमचे छान जमले. तिने उंटिणीकडे बोट दाखवले. मी म्हणालो, आणि उंटिणीने काय प्यायचे? तिने तळहात तोंडावरून फिरवला, हवेत बोटे चोळली आणि समुद्राच्या दिशेला मान हलवली.

धुके. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा रात्री या मैदानावर थंड होते आणि पहाटे झाडांच्या काट्यांवरून, गवताच्या पात्यांवरून, दगडांच्या कडांवरून पाणी ओघळते. जनावरे तो ओला पाला खातात, हरणे दगड चाटतात, आणि माणसे जनावरांचे दूध पितात. पाणी असे झाडा-जनावरांतून फिरून माणसापर्यंत पोहोचते. तिथे एक पहाट मी गाडीत झोपून काढली आहे. जाग आली तेव्हा समोरचा समर दिसत नव्हता आणि टपावरून पाणी ठिबकत होते. नऊच्या सुमारास सगळे कोरडे झाले, जणू काही झालेच नव्हते. ओमानच्या या किनाऱ्याला समांतर वाहत जाणारे नैर्ऋत्य वारे पुढे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतात. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. तिथे ज्या वाऱ्याची वाट पाहत शेतकरी मृगाला आकाशाकडे डोळे लावून बसतो, तोच वारा आधी या लोकांच्या अंगणाजवळून गेलेला असतो, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत जाणवले नव्हते.

विहिरींनी सगळे बदलले असे म्हणायचा मोह होतो, पण हैमाच्या विहिरीकडे सुरुवातीला फारसे कुणी फिरकले नाही. पाणी होते, भोवती चारा नव्हता. आणि चारा नसलेल्या पाण्यापाशी उंट नेऊन उपयोग काय? अल-अजाइझला झाडोरा होता, म्हणून तिथे लोक जमू लागले. हा तपशील कळला तेव्हा मला माझ्याच धंद्याची थोडी गंमत वाटली. आम्ही पाण्याच्या जागी माणसे येतील असे धरून चालतो. हे लोक चाऱ्याच्या जागी जातात आणि पाणी मागाहून आणतात. सत्तरच्या दशकात पिकअप आल्या तेव्हा तर ते अधिकच सोपे झाले. उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरले आणि पाण्याची टाकी चाकांवर चढली. आज घराघरात साधारण शंभरेक शेळ्या-मेंढ्या असतात, त्या बहुधा बायकांच्या ताब्यात आणि रात्री घरापाशी परतणाऱ्या. उंट पुरुषांकडे, त्यांतले दुभते तेवढे जवळ आणि बाकीचे मैदानावर मोकळे, दूरदूर. आपला उंट कुठे चरत आहे हे कळायला पावलांचे ठसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर पुरते. बाईने मला एवढे प्रश्न का विचारले, ते मला तिथे उमगले.

ठसे वाचण्याच्या याच कसबामुळे हरासीसांचे नाव जगभर गेले, आणि त्याच कहाणीत त्यांचे नाव हळूहळू बारीकही होत गेले. अरबी ओरिक्स, पांढऱ्या अंगाचे आणि सरळ लांब शिंगांचे हरीण, एके काळी साऱ्या अरबस्तानात होते. मोटारी आणि बंदुका घेऊन आलेल्या शिकारी टोळ्यांनी ते संपवले. रानातले शेवटचे ओरिक्स १९७२ मध्ये याच जिद्दतवर गेले. सुदैवाने १९६२ पासूनच काही जनावरे पकडून अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात कळप वाढवला जात होता. त्या कळपाची पिलावळ १९८० मध्ये जिद्दतवरच्या यालूनी येथे आणली गेली, काही काळ आवारात ठेवली गेली आणि ३१ जानेवारी १९८२ रोजी दहा ओरिक्स मोकळे सोडले गेले. राखणदार म्हणून हरासीस नेमले. त्यांच्या वाडवडिलांनी हे जनावर पाहिलेले होते, खाल्लेलेही होते. आमचे यजमान त्या राखणदारांपैकी एक. ते सांगत होते की पहिल्या दिवशी जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि लगेच हसून म्हणाले की एक-दोघांच्या तोंडालाही आले असेल.

कळप वाढून चारशेच्या पुढे गेला. १९९४ मध्ये यूनेस्कोने ओरिक्सचे हे अभयारण्य जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९९६ पासून, चोरटे लोक जिवंत ओरिक्स पकडून नेऊ लागले. सीमेपलीकडच्या खासगी संग्रहांत त्यांना मोठी किंमत येत होती. शेजारची जनेबा जमातही या मैदानाच्या काही भागावर चराईचा हक्क सांगते, आणि राखणदारीच्या पगाराच्या नोकऱ्या मात्र बहुतेक हरासीसांना मिळालेल्या होत्या. त्यातून जी कटुता आली ती राखणीला काही उपकारक नव्हती. अखेर सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी कमी केले, त्यातला मोठा भाग तेल आणि वायूच्या शोधासाठी खुला झाला, आणि २००७ मध्ये यूनेस्कोने हे नाव यादीतून काढून टाकले. यादीतून बाद झालेले ते जगातले पहिले स्थळ. तेव्हा ६५ ओरिक्स उरले होते. आज कुंपणाच्या आत पुन्हा शेकडो आहेत, आणि जगाच्या हिशेबात ही जात सावरली असे २०११ मध्ये मानलेही गेले.

ही कहाणी बहुतेक ठिकाणी हरणाची म्हणून सांगितली जाते. मला ती पत्त्याची वाटते. अभयारण्याच्या सीमा आखल्या गेल्या, चराई कुठे असावी आणि कुठे नसावी याच्या योजना झाल्या, तेलाचे पट्टे वाटले गेले, आणि प्रत्येक वेळी आखणाऱ्याच्या हातातला नकाशा कोरा होता, कारण या लोकांनी जमिनीवर खूण अशी ठेवलेलीच नव्हती. नांगरट नाही, बांध नाही, भिंत नाही, तोडलेले झाडसुद्धा नाही. ज्याने जमीन जशीच्या तशी राखली त्याच्याकडे ती राखल्याचा पुरावा नसतो. ज्याने खणली, त्याच्याकडे असतो. राखणदारीपुरते त्यांना विचारले गेले, ठरवण्यापुरते नाही. पण याच्या पुढे माझा राग फार लांब जात नाही. पाळीव उंट आणि शेळ्यांची संख्या चाऱ्याच्या मोटारींमुळे वाढली आहे आणि झाडांच्या खालच्या फांद्या उंटाच्या मानेच्या उंचीपर्यंत बोडक्या झालेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पगार नसता तर त्या गृहस्थाची मुले शिकली नसती. आणि ज्या तेलासाठी ते मैदान खुले झाले, त्यावरच माझ्यासारख्यांचे मस्कतमधले संसार उभे आहेत. वाळवंटातल्या साध्या जगण्याविषयी वातानुकूलित गाडीतून हळहळणे मला तरी जमत नाही.

हळहळण्याची त्यांना गरजही नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हैमाला शाळा निघाली, मुलांसाठी वसतिगृहही आले. जमातीनेच ते मागितले होते. मुले अरबी लिहायला शिकली आणि हरसूसी घरातल्या म्हाताऱ्यांपुरती उरत चालली. आजीशी बोलताना नातवंडे मध्येच अडखळतात आणि अरबी शब्द घालतात. आजी मग उंटिणीशी बोलते. बऱ्याच कुटुंबांचे हैमाला सिमेंटचे घरही आहे. शाळा असते तेव्हा मुले आणि एखादी बाई तिथे राहते, बाकीचा संसार झाडाखाली. दोन्हीकडे फोन आहेत. झाडाखालच्या फोनला टेकाडावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, त्यामुळे टेकाडावर जायची एक पायवाट पडली आहे. त्या अंगणातली जमिनीवर दिसणारी कायमची खूण म्हणावी तर तेवढीच.

धाकटा मुलगा राखीव क्षेत्रात नोकरीला आहे, वडिलांच्याच कामावर. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा शुक्रवार होता आणि बापलेकांचा हिशेब चालला होता. पाऊस नव्हता, चारा विकत आणावा लागत होता. सिनावच्या बाजारातून बार्लीची पोती आणि वाळल्या गवताच्या पेंढ्या आल्या होत्या. मुलगा वाळूत बोटाने आकडे काढत होता. पगाराचा जवळजवळ अर्धा भाग उंट खात होते. बाप म्हणत होता की नोकरी सोडून उंटांकडे लक्ष दिले तर एवढा चारा लागणार नाही, ते लांबवर चरतील. मुलगा म्हणत होता की नोकरी सोडली तर लांबवर जायला पेट्रोल कुठून येईल. दोघांचेही बरोबर होते. न राहवून मी म्हणालो की निम्मे उंट विकले तर हिशेब जुळेल. त्यावर दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिले. इतका वेळ त्यांचे कुठेच एकमत झाले नव्हते, ते तिथे झाले. मग बापाने विषय बदलला आणि घाबा गावाच्या बाजूला चार दिवसांपूर्वी पाऊस झाल्याचे ऐकले, ते खरे का, असे मला विचारले. खरे होते, रस्त्याच्या पूर्वेला पाणी साचलेले मी येताना पाहिले होते. किती लांबवर, खडीवर की मातीत, झाडे होती का, असे सगळे त्याने खोदून विचारले. दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअप घेऊन तिकडची जमीन पाहून यायचे दोघांनी ठरवले, आणि बाईने लगेच विचारले की टाकी कधी हलवायची.